डिस्कच्या कव्हरवरची चिन्हं: कुणाची, कधी आणि कशी छापायची

कपाटातली कुठलीही जुनी डीव्हीडी काढा आणि कव्हर उलटं करा. वर कथासार, मध्ये दोन-चार फोटो आणि अगदी तळाशी बोटभर उंचीची एक पट्टी दिसेल. पट्टीत डीव्हीडीचा लोगो, डॉल्बीचे एकमेकांकडे तोंड केलेले दोन डी, पृथ्वीच्या गोलात एक आकडा, सेन्सॉरचं अक्षर, बारकोड, आणि या सगळ्याखाली मुंगीएवढ्या टाइपात दोन-तीन ओळी.

नवीन काम करणाऱ्यांच्या हातून पहिली चूक होते ती याच पट्टीत. दुसऱ्या एखाद्या कव्हरची फाइल उघडायची, पट्टी उचलायची आणि आपल्या कव्हरवर चिकटवायची. पट्टी असली की कव्हर ‘खरं’ दिसतं, म्हणून. पण त्यातलं प्रत्येक चिन्ह कुणाच्या तरी मालकीचं आहे आणि प्रत्येक चिन्ह डिस्कच्या पोटात काय आहे याबद्दल एक विधान करतं. विधान खरं आहे का आणि ते करायची परवानगी आपल्याला आहे का, हे दोन प्रश्न मी प्रत्येक चिन्हाला विचारतो. दोन्हींची उत्तरं ‘हो’ आली तरच ते छापायला जातं.

डिस्कचा धंदा आटला आहे, हे खरं. तरी नाटकाचं चित्रीकरण, कीर्तनमाला, संस्थेचा माहितीपट, अरंगेत्रमची आठवण अशा गोष्टी अजूनही डिस्कवर निघतात, आणि संग्राहकांसाठी ब्लू-रेही निघतात. असं काम पहिल्यांदा हातात आलेल्या माणसासाठी हा लेख आहे.

आधी तीन हक्क वेगळे करा

डिस्कच्या बाबतीत पेटंट, कॉपीराइट आणि ट्रेडमार्क या तिन्हींची सरमिसळ फार होते. डॉल्बी डिजिटल या एकाच उदाहरणात तिन्हींचा उलगडा होतो. आवाज दाबून साठवण्याची ती जी पद्धत आहे, तिची पेटंटं होती. त्यातलं शेवटचं पेटंट मार्च २०१७ मध्ये संपलं. त्या पद्धतीनं साठवलेलं तुमच्या नाटकाचं संगीत हा कॉपीराइटचा विषय आहे. तो संगीतकार, निर्माता, ध्वनिमुद्रण करणारी कंपनी यांच्यातला मामला. आणि ‘डॉल्बी’ हे नाव, ते दोन डी, हा ट्रेडमार्क. पेटंटला मुदत असते. ट्रेडमार्कचं नूतनीकरण दर दहा वर्षांनी करत राहिलं, तर तो कधीच संपत नाही. त्यामुळे ‘डॉल्बी आता फुकट झालं’ असं कुणी सांगितलं तर ते पेटंटापुरतं खरं आहे. लोगो फुकट झालेला नाही.

एमपीईजी-२ चंही तसंच. डीव्हीडीवरचं चित्र ज्या पद्धतीनं साठवतात तिची अमेरिकेतली शेवटची पेटंटं फेब्रुवारी २०१८ मध्ये संपली. डीव्हीडीच्या लोगोचा त्या तारखेशी काही संबंध नाही.

पायरी १: आपली डिस्क नक्की कोणती आहे ते पाहा

हे लॅपटॉपवर बसून होत नाही. डिस्क हातात घ्या, उलटी करा आणि ट्यूबलाइटखाली तिरकी धरा.

खालची बाजू स्वच्छ रुपेरी असेल, तर ती बहुधा प्रेस केलेली डिस्क आहे, म्हणजे काचेच्या मास्टरवरून स्टॅम्पर (धातूचा साचा) करून कारखान्यात ठोकलेली. खाली जांभळट, निळसर किंवा हिरवट झाक असेल, तर ती राईट केलेली आहे, म्हणजे कोरी डिस्क आणून ड्राइव्हमध्ये लेझरनं लिहिलेली. ती झाक रंगद्रव्याची असते. धंद्याच्या भाषेत पहिल्याला रेप्लिकेशन म्हणतात, दुसऱ्याला डुप्लिकेशन. दोन्ही डिस्क टीव्हीवर सारख्याच चालल्या, तरी लोगोच्या हिशेबात त्या वेगळ्या.

आता मधल्या भोकाभोवतीचं पारदर्शक कडं आणि त्याला लागून असलेली आरशासारखी पट्टी पाहा. तिथे बारीक अक्षरांत एक कोड कोरलेला दिसतो, त्याची सुरुवात ‘आयएफपीआय’ या चार अक्षरांनी होते. हा एसआयडी कोड. ध्वनिमुद्रण उद्योगाच्या जागतिक महासंघानं आणि फिलिप्सनं मिळून १९९४ पासून तो सुरू केला. त्यात दोन कोड असतात. एक मास्टर कुठे कापला ते सांगतो, त्यात पुढे ‘एल’ हे अक्षर येतं. दुसरा साचा कुठल्या कारखान्याचा ते सांगतो. कुठल्याही कव्हरचं काम घेतलं की मी नमुन्याची डिस्क मागवतो आणि भिंगातून हे कडं वाचतो. कारखाना कोणता हे कळलं की लायसन्स कुणाकडे मागायचं तेही कळतं. प्रेस केलेल्या डिस्कवर कोडच नसेल, तर काम पुढे नेण्याआधी कारखान्याबद्दल विचारपूस करा.

राईट केलेल्या डिस्कची गोष्ट साधी आहे. कोऱ्या डिस्कवर तिच्या निर्मात्यानं आपल्या परवान्याखाली स्वतःचा लोगो छापलेला असतो, बरेचदा पांढऱ्या छापण्याजोग्या पृष्ठावर भोकाजवळ, अगदी लहान. तो लोगो त्या कोऱ्या डिस्कबद्दल आहे. तुमच्या कव्हरवर डीव्हीडी-व्हिडिओचा मोठा लोगो लावायची मुभा त्यातून मिळत नाही.

पायरी २: लोगोचा मालक कोण

इथे थोडं सावकाश जाऊ, कारण मालक माहीत नसेल तर पुढचं सगळं अंदाजपंचे होतं.

सीडी ही फिलिप्स आणि सोनी यांची. ‘कॉम्पॅक्ट डिस्क’चा लोगो फिलिप्सनं जपला आणि तो किती गांभीर्यानं जपला याचं एक उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. २००२ च्या सुमारास काही संगीत कंपन्यांनी कॉपी होऊ नये म्हणून डिस्कमध्ये मुद्दाम दोष घालायला सुरुवात केली. अशा डिस्क सीडीच्या मूळ नियमांत, म्हणजे ‘रेड बुक’मध्ये, बसत नव्हत्या. फिलिप्सनं स्पष्ट सांगितलं की या डिस्क म्हणजे सीडी नव्हेत, त्यांच्यावर आमचा लोगो नको. डिस्क तशीच गोल, तशीच रुपेरी, दुकानात त्याच खणात ठेवलेली. पण नियम पाळलेला नसल्यानं लोगो गेला.

व्हीसीडी, म्हणजे व्हिडिओ सीडी, १९९३ च्या ‘व्हाइट बुक’ या नियमांवर बेतलेली. मराठी नाटकं घरोघरी पोचली ती मुख्यतः हिच्यामुळे. एका डिस्कवर साधारण ७४ मिनिटं मावायची, म्हणून तीन अंकी नाटक दोन किंवा तीन डिस्कांत यायचं आणि दुसरा अंक मध्येच तुटायचा. आज जुन्या व्हीसीडीचं पुनर्प्रकाशन डीव्हीडीवर करताना जुनं कव्हर जसंच्या तसं वापरलं जातं आणि व्हीसीडीचा लोगो त्यावर तसाच राहतो. कव्हर हातात आल्यावर पहिल्यांदा तो काढा.

डीव्हीडीच्या मागे एकटी कंपनी नव्हती. १९९५ मध्ये दहा कंपन्यांचा एक गट झाला: तोशिबा, सोनी, फिलिप्स, मात्सुशिता, हिताची, मित्सुबिशी, पायोनियर, थॉमसन, टाइम वॉर्नर आणि जेव्हीसी. १९९७ मध्ये त्याचं नाव डीव्हीडी फोरम झालं. लोगोचे परवाने आधी तोशिबा पाहत असे. २००० साली त्यासाठी टोकियोत स्वतंत्र कंपनी झाली: डीव्हीडी फॉरमॅट/लोगो लायसन्सिंग कॉर्पोरेशन. मुख्य लोगो एकच असला तरी त्याखालचा शब्द बदलतो: व्हिडिओ, ऑडिओ, रॉम, आर, आरडब्ल्यू, रॅम. टीव्हीवर लागणारी प्रेस केलेली डिस्क असेल तर ‘व्हिडिओ’. नुसत्या फाइली भरलेली असेल तर ‘व्हिडिओ’ नाही.

अधिक चिन्हाच्या डिस्कांनी मात्र भल्याभल्यांना चकवलं आहे. डीव्हीडी+आर आणि डीव्हीडी+आरडब्ल्यू हे वेगळ्या गटाचे, डीव्हीडी+आरडब्ल्यू अलायन्सचे, फॉरमॅट. त्यांनी ‘आरडब्ल्यू’ अक्षरांचा स्वतःचा लोगो केला. कोऱ्या डिस्कचं पाकीट दुकानातून आणलं असेल तर उणे (डीव्हीडी-आर) आणि अधिक (डीव्हीडी+आर) यांच्या पाकिटांवरचे लोगो शेजारी ठेवून पाहा. फरक लगेच दिसेल. एकाचा लोगो दुसऱ्यावर लावणं ही सरळ चूक.

ब्लू-रे ही ब्लू-रे डिस्क असोसिएशनची. २००२ मध्ये नऊ कंपन्यांनी तिची पायाभरणी केली, २००४ मध्ये असोसिएशन झाली, २००६ मध्ये डिस्क बाजारात आल्या. तोशिबाची एचडी डीव्हीडी तिच्याशी स्पर्धा करत होती. फेब्रुवारी २००८ मध्ये तोशिबानं ती सोडून दिली.

ब्लू-रेच्या नावात ट्रेडमार्कचा एक धडाच आहे. इंग्रजीत निळ्याचं स्पेलिंग चार अक्षरी. या नावात शेवटचा ‘ई’ मुद्दाम गाळला आहे. रोजच्या बोलण्यातला वर्णनात्मक शब्द कुणा एकाच्या नावावर नोंदवता येत नाही, म्हणून. देवनागरीत ‘ब्लू’ लिहिलं की गाळलेलं अक्षर दिसतच नाही. त्यामुळे मराठी डिझायनर रोमन मजकूर टाइप करताना हमखास ‘ई’ घालतो आणि प्रूफ वाचणाऱ्यालाही ते बरोबरच वाटतं. रोमनमध्ये लिहायचं असेल तर बी-एल-यू, मग जोडरेघ, मग लहान आर. आणि ‘डिस्क’च्या शेवटी सी, के नव्हे.

पायरी ३: परवानगी कुठून येते

‘आम्हाला टोकियोला पत्र लिहायचं का?’ असा प्रश्न हमखास येतो. पाचशे-हजार प्रतींच्या कामात बहुतेकदा नाही. परवाना मुख्यतः डिस्क ठोकणाऱ्या कारखान्याकडे असतो. डिस्क नियमात बसते की नाही याची जबाबदारी त्याची असते आणि लोगो वापरायचा हक्क त्याच करारातून येतो. म्हणून ऑर्डर देतानाच कारखान्याला लेखी, ईमेलवर विचारा:

तुमच्याकडे या फॉरमॅटचा लोगो परवाना चालू आहे का, आणि आमच्या ऑर्डरच्या तारखेला तो चालू राहील का? कव्हरवर लोगो छापायची मुभा त्यात आहे का, की फक्त डिस्कच्या पृष्ठावर? लोगोची मूळ फाइल आणि वापराचे नियम द्याल का? लोगोसोबत मालकीची कोणती ओळ छापायची?

उत्तराचा ईमेल कामाच्या फोल्डरमध्ये ठेवा. फोनवरच्या ‘हो हो, लावा’ला काही किंमत नाही.

ब्लू-रेत अटी अधिक आहेत. प्रेस केलेल्या व्हिडिओ ब्लू-रेला एएसीएस हे कॉपी रोखणारं संरक्षण सक्तीचं आहे आणि त्यासाठी वेगळा करार व शुल्क लागतं. डीव्हीडीवर सीएसएस हे संरक्षण ऐच्छिक होतं. छोट्या निर्मात्याला हा फरक खर्चाच्या अंदाजपत्रकात उशिरा कळतो, म्हणून आत्ताच सांगतो. शंभरेक प्रतीच हव्या असतील तर लोक कोऱ्या ब्लू-रेवर राईट करून देतात. तिथे एएसीएस लागत नाही, पण मग प्रेस केलेल्या डिस्कच्या थाटात लोगो लावायचा हट्टही सोडायचा.

परवाना नसेल तर काय? माझा सल्ला सरळ आहे. लोगो लावू नका आणि साध्या अक्षरांत खरं लिहा: ‘२ डीव्हीडींचा संच’, ‘डीव्हीडी प्लेअरवर आणि संगणकावर चालेल’. आपल्या १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याचं कलम ३० मालाचा प्रकार, दर्जा, उपयोग प्रामाणिकपणे सांगण्यासाठी केलेला वापर उल्लंघन मानत नाही. म्हणजे वस्तू काय आहे हे सांगायला शब्द वापरता येतो. लोगो उचलणं मात्र वेगळं. खोटं चिन्ह लावण्याबद्दल त्याच कायद्यात कलम १०३ आहे, त्यात सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. मी घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. ‘एवढ्याशा लोगोनं काय होतंय’ असं समोरचा म्हणाला की उत्तर तयार असावं, म्हणून लिहिलं.

आवाजाचे लोगो

एका नाट्यसंस्थेच्या कामात कव्हरं आधी छापून आली होती, ऑथरिंग (चित्र, आवाज आणि मेनू जुळवून डिस्कचा मास्टर तयार करणं) नंतर झालं. कव्हरवर ‘डॉल्बी डिजिटल ५.१’चा, म्हणजे सहा वाहिन्यांच्या आवाजाचा, लोगो होता. नाटकाचं ध्वनिमुद्रण दोन माइकवरचं साधं स्टिरिओ, आणि डिस्कवर तो आवाज न दाबता, पीसीएम स्वरूपात गेलेला. म्हणजे त्या लोगोतला एकही शब्द खरा नव्हता. आम्ही तिघांनी दोन रात्री बसून प्रत्येक कव्हरवर पांढरी चिकटपट्टी लावली. तेव्हापासून मी ऑथरिंगचा अहवाल हातात आल्याशिवाय आवाजाची ओळ टाइप करत नाही.

डॉल्बीचा लोगो छापायला डॉल्बीशी ट्रेडमार्कचा करार लागतो. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये डॉल्बीचा एन्कोडर आहे, एवढ्यानं भागत नाही. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यानं एन्कोडरचा परवाना घेतलेला असतो, तुमच्या कव्हरचा नाही. डीटीएस या दुसऱ्या ध्वनिपद्धतीचंही तसंच, तिची मालकी आता एक्सपेरीकडे आहे. करार नसेल तर इथेही साधे शब्द पुरतात: ‘ध्वनी: स्टिरिओ’. नाटकाच्या प्रेक्षकाला एवढंच हवं असतं.

पायरी ४: टीएम, वर्तुळातला आर आणि त्यांचे सोबती

चार चिन्हं ओळखा.

टीएम म्हणजे ‘हे चिन्ह आम्ही आमचं म्हणून वापरतो’ असा दावा. भारतात त्यासाठी नोंदणी लागत नाही. वर्तुळातला आर म्हणजे ‘हे नोंदलेलं आहे’. वर्तुळातला सी कॉपीराइटचा, तर वर्तुळातला पी ध्वनिमुद्रणाच्या हक्काचा. तो १९६१ च्या रोम करारातून आला. कीर्तनाच्या डिस्कवर सी आणि पी वेगवेगळ्या नावांपुढे येऊ शकतात: आख्यान लिहिणारे बुवा एक, ध्वनिमुद्रण करणारी संस्था दुसरी.

यातला धोकादायक आहे तो आर. नोंदणी नसताना नोंदणी असल्याचं भासवणं हा कलम १०७ खाली दोष आहे. पूर्वी त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद होती. २०२३ च्या जनविश्वास कायद्यानं कैद काढून आर्थिक दंड ठेवला. याच कलमात आणखी एक बारकावा आहे. भारतात वर्तुळातला आर छापला की तो भारतातल्या नोंदणीबद्दलच आहे असं धरलं जातं. चिन्ह फक्त परदेशात नोंदलेलं असेल, तर ते तसं किमान तेवढ्याच आकाराच्या अक्षरांत शेजारी सांगावं लागतं. म्हणून दुसऱ्याच्या नावापुढे स्वतःच्या मनानं आर लावू नका. मालकानं दिलेल्या ओळीत टीएम असेल तर टीएम, आर असेल तर आर, काही नसेल तर काही नाही.

हीच काळजी घरच्या चिन्हालाही घ्या. तुमच्या संस्थेचं नाव अर्जाच्या टप्प्यावर असेल, तर टीएम. नोंदणीचं प्रमाणपत्र हातात पडल्यावर आर. अर्ज करायचा असेल तर चित्रमुद्रित डिस्का वर्ग ९ मध्ये येतात. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाचं शुल्क एका वर्गासाठी ४,५०० रुपये, इतरांना ९,०००. व्यापारचिन्ह नोंदणीचं मुख्य कार्यालय मुंबईतच आहे, पण अर्ज घरबसल्या होतो.

पायरी ५: मराठी वाक्यात चिन्ह कसं बसवायचं

इंग्रजी नियमावल्या आपल्या मदतीला येत नाहीत त्या इथेच. मराठीत नावाला प्रत्यय लागतो. ‘ब्लू-रेवर’, ‘डॉल्बीचा’, ‘डॉल्बीत’. आता टीएम कुठे? ‘ब्लू-रे’च्या पुढे टीएम आणि मग ‘वर’ असं लिहिलं तर शब्दाची दोन शकलं होतात. ‘ब्लू-रेवर’च्या पुढे टीएम लावला तर जणू ‘वर’सकट नाव नोंदवल्यासारखं दिसतं.

यावर उपाय आपल्या व्याकरणातच आहे. नावापुढे एक साधं नाम ठेवा आणि प्रत्यय त्याला द्या. ‘ब्लू-रे डिस्क’, टीएम, आणि मग ‘स्वरूपात उपलब्ध’. ‘डॉल्बी’, चिन्ह, आणि मग ‘तंत्रज्ञानाने’. नाव जसंच्या तसं राहतं, चिन्ह त्याला चिकटतं आणि वाक्यही अडखळत नाही. विशेष म्हणजे ट्रेडमार्कचे मालकही हेच मागतात: आमचं नाव विशेषणासारखं वापरा, पुढे वस्तूचं नाव ठेवा, आमच्या नावाचं क्रियापद किंवा अनेकवचन करू नका. मराठीत प्रत्ययाची अडचण सोडवली की ही अटही आपोआप पाळली जाते.

चिन्ह प्रत्येक वेळी लावायची गरज नसते. पहिल्या किंवा सगळ्यांत ठळक उल्लेखाला लावा, पुरे.

लोगोचं देवनागरीकरण करू नका. माय मराठीवरच्या प्रेमानं ‘डीव्हीडी’ अक्षरांखाली तशीच चपटी तबकडी काढून मराठी लोगो केलेली कव्हरं मी पाहिली आहेत. भावना समजते. पण लोगो हे चित्र आहे, ते जसं दिलं तसंच छापायचं. त्याचा रंग, उंची-रुंदीचं प्रमाण, आजूबाजूची मोकळी जागा यांत हात घालायचा नाही. जागा कमी पडते म्हणून बाजूनं दाबायचा नाही. मजकुरात मात्र नाव देवनागरीत खुशाल लिहा.

मालकीची ओळही भाषांतरित करू नका. ‘डीव्हीडी लोगो हे अमुक कॉर्पोरेशनचं व्यापारचिन्ह आहे’ अशा अर्थाची जी ओळ परवान्यासोबत येते, ती अक्षरशः तशीच छापा. वाचकासाठी मराठी ओळ हवी असेल तर ती खाली वेगळी द्या.

आता फाँट. जुन्या, युनिकोडपूर्व देवनागरी फाँटमध्ये कव्हर रचलेलं असेल तर फार जपा. त्या फाँटमध्ये आर आणि टीएमच्या जागांवर अर्धी व्यंजनं, मात्रा किंवा जोडाक्षरं बसवलेली असत. माझ्या एका कव्हरवर वर्तुळातल्या आरसाठी मी ऑल्ट दाबून ०१७४ टाइप केलं. लहान टाइपात, वर चढवलेलं, म्हणून स्क्रीनवर ठिपक्यासारखं दिसलं आणि मी पुढे गेलो. छापून आल्यावर संस्थेच्या नावाच्या डोक्यावर एक अर्धं अक्षर लोंबत होतं. तेव्हापासून मी चिन्ह वेगळ्या टेक्स्ट बॉक्समध्ये, रोमन युनिकोड फाँटमध्ये ठेवतो आणि छपाईला देण्यापूर्वी त्याचं कर्व्हमध्ये, म्हणजे फाँट न लागणाऱ्या रेखाचित्रात, रूपांतर करतो.

विंडोजवर आकड्यांच्या कीपॅडनं: ऑल्ट धरून ०१५३ म्हणजे टीएम, ०१७४ म्हणजे आर, ०१६९ म्हणजे सी. वर्तुळातल्या पीला असा आकडा नाही. वर्डमध्ये २११७ टाइप करून ऑल्ट आणि एक्स एकदम दाबा, मग तिथून कॉपी करा. मॅकवर ऑप्शनसोबत २, आर आणि जी म्हणजे अनुक्रमे टीएम, आर आणि सी. (आकडे अर्थातच रोमन कळांनी टाइप करायचे, मराठी कीबोर्ड चालू ठेवून नव्हे.)

पायरी ६: लोगो नसलेल्या, तरी सक्तीच्या ओळी

लोगोंच्या नादात हे विसरतं, आणि याची जबाबदारी कारखान्यावर नाही, तुमच्यावर आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२अ नुसार व्हिडिओ फिल्मच्या कव्हरवर ती काढणाऱ्याचं नाव-पत्ता, कॉपीराइटच्या मालकाची परवानगी घेतल्याचं निवेदन, मालकाचं नाव-पत्ता हे लागतं. चित्रपटाला सेन्सॉर प्रमाणपत्र आवश्यक असेल तर त्याची प्रतही. न पाळल्यास कलम ६८अ खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. चकचकीत लोगोंची रांग आणि मालकाचा पत्ताच नाही, अशी कव्हरं मी डझनांनी पाहिली आहेत.

मग प्रदेशाचा आकडा, म्हणजे डिस्क जगातल्या कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालेल ते सांगणारा, पृथ्वीच्या गोलातला आकडा. भारत डीव्हीडीच्या प्रदेश ५ मध्ये येतो, ब्लू-रेच्या प्रदेश सी मध्ये. पण मराठी डिस्कांचा मोठा ग्राहक न्यू जर्सीतल्या आणि लंडनमधल्या मंडळांतही असतो, आणि तिथले प्रदेश वेगळे. म्हणून ऑथरिंगच्या वेळीच सर्व प्रदेशांसाठी खुली डिस्क मागा आणि कव्हरवर तसं लिहा. प्रदेश खुला ठेवला आणि गोलात मात्र ५ छापला, तर अमेरिकेतला ग्राहक ती उचलणारच नाही. सोबत टीव्हीच्या चित्राची पद्धत ‘पॅल’ (भारतातली) की ‘एनटीएससी’ (अमेरिकेतली) तेही लिहा. अमेरिकेतल्या जुन्या प्लेअरना पॅल झेपत नाही.

शेवटचं प्रूफ

प्रूफ स्क्रीनवर वाचू नका. शंभर टक्के आकारात कागदावर काढा, घडी पाडून रिकाम्या डबीत घाला. पाठीच्या घडीत लोगो अडकतो का, बारकोड आणि लोगो एकमेकांना टेकतात का, हे तेव्हाच कळतं. मग मालकीची ओळ भिंगातून वाचा. चार पॉइंटच्या खालची पांढरी अक्षरं गडद रंगावर असतील तर शाईनं भरतात आणि टीएमचा नुसता डाग उरतो. ती ओळ काळ्या अक्षरांत, फिकट पट्टीवर घ्या.

सगळं ठीक असेल तर प्रुफावर प्रत्येक चिन्हाशेजारी पेन्सिलीनं त्याचा आधार लिहा: ‘कारखान्याचा ईमेल, तारीख’, ‘ऑथरिंग अहवाल’, ‘प्रमाणपत्र क्रमांक’. ज्याच्या शेजारी काहीच लिहिता आलं नाही ते चिन्ह खोडा. तो कागद, नमुन्याची एक डिस्क आणि ईमेलची छापील प्रत एका पाकिटात घालून पाकिटावर शीर्षक लिहा. दुसरी आवृत्ती निघेल तेव्हा कारखाना बदललेला असेल, आणि पहिलं काम हे पाकीट उघडून प्रत्येक आधार नव्यानं तपासायचं असेल.